एकशे अठरावी ओळ

"मला माझी ओळ बघायची आहे," ती म्हणाली.

रविवारचे साडेदहा वाजले होते. सांगलीत तात्यांच्या घराची पुढची खोली म्हणजेच आमच्या समाजाचं वधूवर सूचक केंद्र. दर रविवारी दहा ते एक. एक टेबल, चार खुर्च्या, खिडकीशी तात्यांची आरामखुर्ची आणि भिंतीला लागून मी, माझा कॉम्प्युटर घेऊन.

"ओळ म्हणजे?" इंदुकाकूंनी विचारलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. तात्या आजारी पडल्यापासून केंद्र त्या आणि गजाननराव मिळून चालवत होते.

"माझी माहिती ज्या ओळीत आहे ती. हे म्हणाले होते ना मेळाव्यात," तिने माझ्याकडे बोट केलं, "की प्रत्येकाची एक ओळ असते. आता सगळं त्या ओळीवर चालतं."

म्हणालो होतो खरा. दोन वर्षांपूर्वी समाजाच्या मेळाव्यात मला नारळ आणि शाल मिळाली होती, तेव्हा माईक हातात आल्यावर मी बराच वेळ बोललो होतो. सव्वीस वर्षांचा होतो, स्वतःचा कॉम्प्युटर क्लास होता, आणि आपण काहीतरी अफाट केलंय अशी खात्री होती. प्रत्यक्षात केलं होतं ते एवढंच. एक साधी मजकुराची फाइल. एका माणसाची एक ओळ. नाव, जन्मतारीख, शिक्षण, उंची, वडिलांचा धंदा, प्रत्येकाच्या मध्ये एक उभी रेघ. आणि त्या फाइलीवर मी लिहिलेलं वेबपान. त्यावर चार बटणं: शोधा, नवी नोंद, बदला, काढा. सांगलीत बसून बटण दाबलं की पुणे, सोलापूर, बेळगाव, सगळ्या शाखांना तेच दिसायचं. लोक थक्क व्हायचे. मीही व्हायचो.

"नाव?" मी विचारलं.

"हेमलता दत्तोबा पोरे."

तिच्या मागे दारातच तिचे वडील उभे होते. दत्तोबा पोऱ्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं, शाळांची हजेरीपुस्तकं आणि सरकारी कचेऱ्यांची दप्तरं बांधायचं. रविवारी धुतलेला सदरा घालूनही त्यांच्या नखांत खळ दिसत होती. लेक त्यांच्याच दुकानात काम करायची. एकोणतीस वर्षांची, सडपातळ, कपाळ मोठं. हात मात्र पुरुषासारखे कणखर, अंगठ्याला घट्टे.

"बसा ना पोरे," गजाननराव म्हणाले. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता. काही न कळता कळल्यासारखा चेहरा करायची मात्र त्यांना सवय होती.

"बसायला नाही आलो साहेब," दत्तोबा म्हणाले. "पोरीला तेवढं एकदा सांगा, म्हंजे झालं. नाव घालून तीन वर्सं झाली. पयल्या वर्सी सात स्थळं आली. तुमचं मशीन आल्यापास्नं एक बी न्हाई."

"माझं जाऊ दे आप्पा," हेमलता म्हणाली आणि इंदुकाकूंकडे वळली. "माझ्यासाठी नाही आले मी. धाकटीचं, संगीताचं जमत आलंय. इचलकरंजीची माणसं आहेत. साखरपुड्याची तारीख काढायची म्हणून परवा यायची होती, ती आली नाहीत. निरोप आला. त्यांनी पुण्याच्या शाखेत विचारलं तर तिथे सांगितलं, थोरलीच्या नावावर खूण आहे. आता ते विचारतात, थोरलीत काय आहे? घराण्यात काय आहे? मी काय सांगू त्यांना?"

इंदुकाकूंनी चष्मा काढून पदराला पुसला.

खुणेचं सांगायला हवं. ही पद्धत तात्यांची, आणि जिथे जन्मली तिथे ती शहाणी होती. तात्यांकडे नाव नोंदवायला येणाऱ्याकडून ते सगळं काढून घ्यायचे. कोणाला मधुमेह, कोणाचा आधी ठरून मोडलेला साखरपुडा, कोणाच्या पाठीवर कोड. पण ते कार्डावर कधी लिहीत नसत. "लिहिलेलं दहा जण वाचतात," असं म्हणायचे. फक्त त्या कार्डाचा उजवा वरचा कोपरा दुमडायचे. मग त्या स्थळाची कोणी चौकशी केली, की तात्या त्याला अंगणात न्यायचे, दोन वाक्यांत खरं काय ते सांगायचे आणि म्हणायचे, "मुलगी चांगली आहे. आता तुम्ही ठरवा." तात्यांनी अशी दुमडलेल्या कोपऱ्यांची कितीतरी लग्नं लावली होती. कारण राहायचं तात्यांच्या डोक्यात, कार्डावर फक्त खूण.

मी फाइल केली तेव्हा तात्यांनी हट्ट धरला की कोपरा मशीनमध्येही हवा. मी ओळीच्या शेवटी एक रकाना वाढवला. कोपरा सरळ असेल तर शून्य, दुमडलेला असेल तर एक. तो फक्त शाखाप्रमुखांना दिसायचा. कारणाचा रकाना तात्यांनी घालू दिला नाही.

आणि मग त्याच वर्षी श्रावणात तात्यांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कारणं सगळी त्यांच्याबरोबर त्या आरामखुर्चीत जाऊन बसली, आणि ते एकाचे आकडे मात्र चार शाखांत चमकत राहिले.

"दाखव रे उमेश," गजाननराव म्हणाले.

मी फोनची तार जोडली, कॉम्प्युटरची ती कुंईकुंई संपेपर्यंत सगळे ताटकळले. मग पान उघडलं. शोधा. पोरे. एकशे अठरा नंबरची ओळ पडद्यावर आली. हेमलता माझ्या खांद्यामागून वाकून वाचत होती. तिचं बोट काचेवर टेकलं, नावावरून सरकत शेवटपर्यंत गेलं.

"हा एक कसला?"

"तो... म्हणजे कोपरा," इंदुकाकू म्हणाल्या.

"का?"

"ते तात्यांनाच माहीत, बाळ."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"आम्हाला कसं असेल? तात्या कुणाला सांगायचे नाहीत."

"मग पुण्याला चौकशी आली की तुम्ही काय सांगता?"

इंदुकाकूंनी गजाननरावांकडे पाहिलं. "आम्ही काहीच सांगत नाही. एवढंच म्हणतो की खूण आहे, या स्थळाबद्दल आम्ही बोलू शकत नाही, दुसरं बघा."

हेमलता हसली. ते हसू मला अजून आवडत नाही. "काहीच सांगत नाही," ती म्हणाली. "बरं."

आता गजाननरावांना राहवलं नाही. "तसं अगदीच काही नाही असं नसणार," ते म्हणाले. "तात्या उगाच कोपरा दुमडणारे नव्हते. मला पुसटसं आठवतं, तुमच्या आईच्या माहेरचं काहीतरी होतं. मामा की कोण..."

"माझ्या आईला भाऊच नाही."

"मग मावशी असेल."

"शाळेतलं काहीतरी होतं ना?" इंदुकाकू कपाळावर बोट ठेवून म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांची इच्छा नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना खरंच आठवायला लागलं होतं. "सातवीत वगैरे असताना? तू वर्षभर शाळेत आली नव्हतीस."

"महिनाभर. कांजिण्या झाल्या होत्या मला."

"कांजिण्याच ना नक्की?"

"काकू, त्या वर्षी अर्ध्या वर्गाला झाल्या होत्या! तुम्हीच तर वर्गावर होता."

"हो, पण अर्ध्या वर्गाचे कोपरे नाहीत ना दुमडलेले," गजाननराव समजावणीच्या सुरात म्हणाले.

दत्तोबा दारातून दोन पावलं आत आले. हात जोडलेले. "साहेब, काय असंल ते असंल. आमचं चुकलं असंल. ते येकाचं शून्य करून टाका. तुमचे पाय धरतो."

"आप्पा, हात खाली करा," हेमलता म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "आणि चुकलं असेल कशाला म्हणता? काय चुकलंय आपलं?"

"असं एकाचं शून्य करता येत नाही पोरे," इंदुकाकू म्हणाल्या. "उद्या सगळेच येतील. तात्यांची शिस्त आहे ती."

मी काय करत होतो? काही नाही. माझी बोटं कळफलकावर होती. 'बदला' बटण माझ्यासमोर होतं. एक खोडायचं, शून्य मारायचं, जपून ठेवा. पाच सेकंदांचं काम. चार शाखांत हेमलता पोरेचा कोपरा सरळ झाला असता.

टेबलावर एक लग्नपत्रिका पडली होती, मीच सकाळी आणून ठेवलेली. माझी बहीण वृषाली हिचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. मिरजेची माणसं, मुलगा पुण्यात दातांचा डॉक्टर. आई तर देव पावला म्हणून गावभर पेढे वाटत सुटली होती.

"कार्ड कुठे आहे माझं?" हेमलताने विचारलं.

"कुठलं?"

"मूळचं. ज्याचा कोपरा दुमडला ते. यात भरताना चूक झाली असेल. माणूसच भरणार ना? आम्ही पानं लावताना दहा वेळा मोजतो तरी कधीतरी एखादा फॉर्म, म्हणजे दुमडलेला ताव, उलटा लागतो. कार्ड बघू. कोपरा सरळ असेल तर हा एक चुकीचा. दुमडलेला असेल तर मी गप घरी जाते."

इंदुकाकूंचा चेहरा उजळला. मुख्याध्यापिकेला पटेल असा तो हिशेब होता. "बरोबर आहे. कार्डं आतल्या खोलीत पेटीत आहेत. मीच..."

"मी आणतो," मी म्हणालो. खुर्ची मागे पडली इतक्या घाईने मी उठलो.

चावी तात्यांच्या उशाखाली असायची. तात्या खिडकीशी बसून सगळं ऐकत होते. वाचा गेली होती, कान शाबूत होते. मी आत गेलो, चावी घेतली, पत्र्याची पेटी उघडली. सुतळीने बांधलेले कार्डांचे गठ्ठे. दुसऱ्या गठ्ठ्यात शंभरच्या पुढची. मी सुतळी सोडली.

एकशे सतरा. वृषाली खटावकर. कोपरा दुमडलेला.

एकशे अठरा. हेमलता पोरे. कोपरा सरळ. इतका सरळ, की नुकता कापल्यासारखा.

मला ते ठाऊक होतं. मीच केलं होतं.

वृषालीला लहानपणी आकडी यायची. चौदाव्या वर्षी शेवटची आली, त्यानंतर नाही. पण आमची आई देवभोळी आणि सरळ. नाव घालताना तिने तात्यांना सांगून टाकलं आणि तात्यांनी कोपरा दुमडला. दोन वर्षांपूर्वी कार्डं भरता भरता मी एकशे सतराला आलो आणि माझं डोकं सटकलं. माझ्याच मशीनमध्ये, माझ्याच हाताने, माझ्या बहिणीच्या नावापुढे मी एक मारायचा? मी शून्य मारलं. विषय संपला असता.

पण तात्या मोजायचे. दोनशे अठरा कार्डं आणि एकतीस कोपरे. माझ्या पानाच्या तळाशी मीच मोठ्या हौसेने बेरीज दाखवायची सोय केली होती. काम संपलं त्या दिवशी तात्या भिंग घेऊन आले आणि म्हणाले, "कोपरे तीसच दिसतात रे. एक कुठे गेला?" मी म्हणालो, "बघतो." ते चहा आणायला आत गेले. ते परत यायच्या आत मी वृषालीच्या खालच्या ओळीत एक टाकला. त्या ओळीत कोण आहे हे वाचलंसुद्धा नाही. तात्यांनी चहा ठेवला, भिंगातून पाहिलं, एकतीस. माझ्या पाठीवर थाप मारली. "तुझ्या मशीनवर आता माझा भरवसा बसला," म्हणाले.

आता पेटीसमोर उकिडवा बसून मी दोन्ही कार्डं हातात धरली होती. बाहेर जाऊन म्हणता आलं असतं, कार्ड सरळ आहे, भरताना चूक झाली. पण मग एकतिसावा कोपरा कुठला, हा प्रश्न इंदुकाकूंनी लगेच विचारला असता. सगळी कार्डं टेबलावर आली असती. पहिल्याच गठ्ठ्यानंतर वृषालीचं आलं असतं. मिरजेच्या माणसांना संध्याकाळपर्यंत कळलं असतं, आणि तेही आम्ही लपवलं म्हणून.

हे सगळं मी विचार करून केलं असं म्हणणं म्हणजे स्वतःला मोठेपणा देणं आहे. मी घाबरलो होतो, एवढंच. वृषालीचं कार्ड मी शर्टाच्या आत सरकवलं. हेमलताच्या कार्डाचा उजवा वरचा कोपरा अंगठ्याखाली धरला आणि दाबला. जाड कार्ड होतं. नखाने दोनदा घासावं लागलं.

बाहेर येऊन मी ते टेबलावर ठेवलं.

"दुमडलेलं आहे," इंदुकाकू हळूच म्हणाल्या.

दत्तोबा खुर्चीवर बसले. इतका वेळ न बसलेला माणूस आता न विचारता बसला.

हेमलताने कार्ड उचललं. तिने कोपऱ्याकडे पाहिलं नाही. आधी डोळे मिटल्यासारखं करून त्या घडीवरून अंगठा फिरवला. एकदा खालून, एकदा वरून. मग कोपरा उलगडून उजेडाकडे धरला.

"ही घडी आजची आहे," ती म्हणाली.

"काय?" गजाननराव म्हणाले.

"तीन वर्षांची घडी अशी नसते. जुन्या घडीत धूळ बसते, काळी रेघ येते. शिवाय इतकी वर्षं गठ्ठ्यात दाबून राहिल्यावर ती चपटी होते. ही बघा, आतून पांढरी आहे. अजून वर येतेय. कागद अजून सरळ व्हायला बघतोय." तिने कार्ड इंदुकाकूंच्या पुढे धरलं. "हात लावून बघा काकू."

इंदुकाकूंनी हात लावला नाही. "अगं, काहीतरीच काय!"

"हा माझा धंदा आहे काकू. मी दिवसाला हजार घड्या घालते."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. आणि मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यानंतर इतक्या सहजपणे मी कधी बोललो नाही.

"पेटीला तात्यांचं कुलूप असतं," मी म्हणालो. "मी तर तुमच्यासमोर आत गेलो आणि आलो. तुम्हाला मान्य करायचं नसेल तर गोष्ट वेगळी. पण समाजाच्या कामावर असा आळ घेऊ नका. आम्ही इथे फुकट राबतो."

"बरोबर बोलतोय तो," गजाननराव म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. "मुली, दुःख समजतं आम्हाला. पण म्हणून कोणावरही..."

"तात्यांना विचारते," हेमलता म्हणाली.

ती खिडकीशी गेली. आरामखुर्चीपुढे गुडघे टेकून बसली आणि ते कार्ड तात्यांच्या डाव्या हातात दिलं. "तात्या, मी हेमा. दत्तोबांची. माझं कार्ड तुम्ही दुमडलं होतं?"

तात्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ वाचलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती हेमलताने स्वतःच्या पदराने पुसली. मग तात्यांच्या घशातून आवाज आला, "ते... ते... ते..." तेवढाच एक आवाज त्यांना उरला होता. कार्ड मांडीवर ठेवून त्यांनी डाव्या हाताचा अंगठा त्या कोपऱ्यावर आणला आणि ते कोपरा दाबू लागले. पुन्हा पुन्हा. कार्ड निसटत होतं, तरी ते दाबत होते.

"बघा," गजाननराव म्हणाले, "कोपराच दाखवतायत."

"हो हो," इंदुकाकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "बिचाऱ्यांना सांगायचंय, पण सांगता येत नाही. राहू दे हेमा, त्यांना त्रास देऊ नकोस."

तात्या कोपरा दाखवत नव्हते. ते तो सरळ करत होते. हे त्या खोलीत दोघांना कळलं. एक गुडघ्यांवर बसली होती, दुसरा कॉम्प्युटरमागे. तात्यांनी मान वर केली आणि ते माझ्याकडे बघत राहिले. "ते... ते... ते." मी पडद्याकडे पाहिलं.

"चल पोरी," दत्तोबा म्हणाले. ते उठले होते. "त्यांनी बी सांगितलं आता. आनखी किती शोभा करून घ्यायची?"

"आप्पा, ते सरळ करतायत, दिसत नाही का तुम्हाला?"

"चल म्हनतो ना! तुज्यापायी संगीचं गेलं. झालं का समाधान?"

हे ते बोलले आणि हेमलताचा चेहरा उतरला. इतका वेळ आम्हा सगळ्यांना पुरून उरली होती ती. बापाच्या त्या एका वाक्यापुढे तिचं काही चाललं नाही. ती उठली, साडी झटकली आणि माझ्या टेबलाशी आली.

"माझी ओळ काढा," ती म्हणाली.

"तसं एकदम..." मी म्हणालो.

"काढता येते ना? बटण आहे, तुम्हीच मेळाव्यात सांगितलं."

मी 'काढा' दाबलं. पानावर प्रश्न आला: ही नोंद कायमची काढायची का? तो प्रश्न मीच लिहिला होता, चुकून कोणाची नोंद जाऊ नये म्हणून. हेमलता तो वाचत होती. मी 'हो' दाबलं. ओळ गेली. तळाशी आकडे बदलले, नोंदी दोनशे सतरा, कोपरे तीस. आता बेरीज एकदम बरोबर होती. तात्यांनी पहिल्या दिवशी मोजलेल्यापेक्षा एक कमी, आणि त्याचं कारणही सगळ्यांना ठाऊक.

तिने जाताना कार्ड नेलं. ते परत मागायची कोणाची हिंमत झाली नाही.

इचलकरंजीची माणसं फिरकली नाहीत. ओळ काढून घेतली म्हणजे नक्कीच काहीतरी असणार, असं लोकांनी ठरवलं. महिन्याभरात सातवीतली गोष्ट गावात पोचली. कांजिण्यांचं काय काय झालं होतं ते मी इथे लिहीत नाही. ती गोष्ट मला माझ्या क्लासमधल्या एका मुलीने सांगितली, अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखी, आणि मी "असं का?" म्हणून ऐकून घेतली.

वृषालीचं लग्न थाटात झालं. तात्या त्याच वर्षी दिवाळीनंतर गेले. शेवटच्या दिवसांत इंदुकाकू मला दोनदा म्हणाल्या, "तात्या तुझी फार आठवण काढतात बहुतेक, तू येत जा." मी गेलो नाही.

पुढे मी कोल्हापूरला आलो. केंद्रही बंद पडलं, मोठ्या मोठ्या साइटी आल्या. बारा वर्षं गेली. एका मे महिन्यात वृषाली मुलांना घेऊन आमच्याकडे आली होती. आम्ही दोघं गच्चीवर कुरडया उलटत होतो. बोलता बोलता तात्यांचा विषय निघाला.

"मला फार जीव लावला त्यांनी," ती म्हणाली. "माझ्या लग्नाला त्यांना बोलता येत नव्हतं, पण काम त्यांचंच सगळं."

"त्यांचं कसलं? स्थळ तर पुण्याच्या शाखेतून आलं."

"स्थळ आलं रे. पण ते आजारी पडायच्या आधी मला बोलावून घेतलं होतं. म्हणाले, तुझा कोपरा मी दुमडलाय तो तुला खाली बघायला लावायला नाही. पुढचा माणूस फसू नये म्हणून. जो मुलगा आवडेल त्याला पहिल्या भेटीत तूच सांग. मी सांगितलं ह्यांना. आकडीचं. चहा यायच्या आधी."

माझ्या हातातली कुरडई मोडली.

"काय म्हणाला तो?"

"हसले. म्हणाले, माझ्या काकांना होती, मला काय नवीन? त्यांच्या घरी सगळ्यांना माहीत होतं, दादा. तुला नव्हतं? मला वाटलं आईने सांगितलं असेल."

दुसऱ्या दिवशी मी सांगलीची गाडी धरली.

पोरे बाइंडिंगची पाटी तीच होती. दत्तोबांचा हार घातलेला फोटो भिंतीवर होता. हेमलता फळीवर फॉर्म दुमडत बसली होती. केस अर्धे पांढरे झालेले. आत अंधाऱ्या कोपऱ्यात आणखी एक बाई मान खाली घालून टाके घालत होती.

"ओळखलंत?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"ते कार्ड मी दुमडलं होतं. त्या दिवशी. आत पेटीजवळ."

"माहीत आहे."

"बहिणीसाठी केलं. तिचं लग्न होतं."

"बरी आहे ती?"

"बरी आहे."

तिने मान हलवली आणि आतल्या बाईकडे एकदा पाहिलं. "माझी बहीण ही, संगीता," ती म्हणाली. संगीताने वर पाहिलं नाही, टाका ओढला.

मी तिथे माफी मागायला आलो होतो, पण तोंडून निघाला तो जाबच. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. तात्यांचंही कळलं होतं. मग त्या वेळी बोलला का नाहीत?"

हेमलताने फॉर्म खाली ठेवला. घडीवरून अंगठा फिरवला, सवयीने.

"बोलले की," ती म्हणाली. "तुम्ही सगळे तिथेच होतात."

आणि पुढचा फॉर्म घेतला.